दर ऑक्टोबरात अ‍ॅव्हरेज पडतं, दोष धुळीचा का?

आमच्या गाडीला एक वार्षिक दुखणं आहे. गणपतीला गावी जाऊन आलो की महिनाभरात तिचं अ‍ॅव्हरेज पडतं. एरवी ठाण्याच्या रस्त्यांवर लिटरला १४ च्या आसपास देणारी गाडी ऑक्टोबर उजाडला की साडेअकरा-बारावर येऊन बसते. तीन वर्षं ओळीने हेच चाललं होतं आणि तीनही वर्षं घरातलं निदान ठरलेलं: "अगं, गाडी बघ किती मळलीये. धुऊन काढ, आपोआप सुधारेल."

निदान सासऱ्यांचं. बाबांनी वर्षानुवर्षं पद्मिनी हाकली आहे, बॉनेट उघडून स्वतः कार्बोरेटर साफ केला आहे, त्यामुळे गाडीच्या विषयात त्यांना उडवून लावणं सोपं नाही. त्यात दोनदा त्यांचं खरंही ठरलं. दिवाळीच्या तोंडावर गाडी वॉशिंगला दिली आणि पुढच्या टाकीला सोळा निघाले. बाबा काही बोलले नाहीत, चहा पिता पिता नुसते हसले. तिसऱ्या वर्षी मात्र मी वही घातली.

राहायला आम्ही घोडबंदर रोडला, वाघबीळला. ऑफिस महापेला. कापूरबावडी, माजिवडा, कळव्याचा पूल, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोड असे एका बाजूचे वीस-बावीस किलोमीटर. धूळ काय असते हे या पट्ट्यातल्या कोणाला सांगायला नको. मेट्रोचं काम, सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घ्यायचं खोदकाम, खडी-रेतीचे डंपर. गाडी पुसायला येणारा मुलगा पहाटे साडेपाचला एका बादलीत सात-आठ गाड्या उरकतो, कारण सोसायटीत टँकरचं पाणी येतं आणि पाईप लावून गाडी धुवायला बंदी आहे. त्याने पुसलेल्या मागच्या काचेवर संध्याकाळी मुलं बोटाने क्रिकेटचा स्कोअर लिहितात. हा थर पेट्रोल पितो का, एवढाच प्रश्न होता.

वजनाचं आधी उरकते. गाडीचा बाहेरचा पत्रा आणि काचा मिळून बारा-पंधरा चौरस मीटर धरा. त्यावर सगळीकडे एक दशांश मिलीमीटर जाडीचा थर बसला, आणि तो बराच झाला, तर भरते सव्वा-दीड लिटर धूळ, म्हणजे फार तर दोन-तीन किलो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ठोकताळा असा आहे की ४५ किलो जादा वजनाने अ‍ॅव्हरेज साधारण १ टक्का घटतं. दोन-तीन किलोंचा हिशेब करण्यात अर्थ नाही. आमच्या डिकीत त्याहून जास्त वजनाच्या वस्तू बसल्या होत्या, ते पुढे येईलच.

राहिला वारा. खरा युक्तिवाद हाच आहे की मळका पत्रा खरबरीत होतो आणि हवा कापायला जास्त जोर लागतो. यात तथ्य आहे, पण किती ते वेगावर ठरतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. माझ्या हॅचबॅकसारख्या गाडीला ताशी १०० किलोमीटरला हवेची ओढ साधारण ३३ किलोंची लागते, ताशी ३० ला तीच ओढ तीन किलोंवर येते. उलट टायर रस्त्यावर घरंगळताना जो विरोध लागतो तो दोन्ही वेगांना जवळजवळ सारखाच, गाडीच्या वजनाच्या एक-सव्वा टक्का. हजार किलोंची गाडी धरली तर दहा-बारा किलो.

आता मानून चालू की धुळीने हवेची ओढ दोन टक्क्यांनी वाढली. घोडबंदर रोडला गर्दीच्या वेळी ताशी ३० म्हणजे चैन आहे, तरी तेही धरू. तीन किलोंचे दोन टक्के म्हणजे ६० ग्रॅम. एका बटाटेवड्याची ओढ. आणि दर दोनशे मीटरवर ब्रेक मारून हजार किलोंची गाडी पुन्हा शून्यापासून उचलायची, यात जे पेट्रोल जातं ते वेगळंच. त्याच्यापुढे वडा कुठे दिसणार?

हायवेवर चित्र बदलतं. अमेरिकेतल्या 'मिथबस्टर्स' या टीव्ही कार्यक्रमाने २००९ मध्ये नेमका हाच प्रयोग केला होता. मळलेली गाडी गॅलनला २४ मैल चालली आणि तीच धुतल्यावर २६ मैल. आपल्या भाषेत लिटरला १०.२ आणि ११. हा फरक थोडाथोडका नाही, आणि मळक्या गाडीचा विषय निघाला की लोक याच आकड्याचा हवाला देतात. पण तिथे गाडीला चांगला चिखल माखला होता आणि ती हायवेच्या वेगाने पळवली होती. आपल्या मागच्या काचेवरचा क्रिकेटचा स्कोअर आणि थापलेला चिखल यांत फरक आहे. तुम्ही रोज अटल सेतूवरून ताशी १०० ने जात असाल तर गाडी स्वच्छ ठेवा, थोडं पदरात पडेल. माजिवड्याच्या पुलाखाली उभ्या असलेल्या माणसाला पडणार नाही.

याच कार्यक्रमावरून एक उलटा समजही निघाला आहे. गोल्फच्या चेंडूवर खळगे असतात म्हणून तो लांब जातो, तसा धुळीचा खरबरीतपणा गाडीला फायद्याचाच, असं आमच्या खालच्या मजल्यावरचे काका सांगतात. त्यांची गाडी दिवाळी ते दिवाळी धुतली जाते, त्यामुळे हा सिद्धांत त्यांच्या सोयीचा आहे. चेंडू लहान आणि गोल असतो. खळग्यांमुळे हवा त्याला मागपर्यंत चिकटून राहते आणि मागे ओढणारी पोकळी लहान होते. हॅचबॅकचा मागचा भाग मुळातच कापल्यासारखा सरळ, तिथे हवा सुटायची ती सुटतेच. धुळीचे कण त्यात काय करणार? कार्यक्रमात सगळ्या गाडीवर मातीचा जाड थर देऊन त्यात मोठाले खळगे कोरले तेव्हा २९ मैल निघाले, हे खरं. ते कोरीवकाम होतं, ती धूळ नव्हती.

माझ्या वहीतलंही सांगते. चार टाक्या मी ठरवून केल्या. दोन टाक्या गाडीला फडकंसुद्धा लावू दिलं नाही (पुसणाऱ्या मुलाला वाटलं त्याचं काम सुटलं, त्याची समजूत काढावी लागली) आणि दोन टाक्या गाडी चकचकीत. तोच रस्ता, तीच वेळ, हवा सारखी, एसी त्याच आकड्यावर. मळकी: ११.९ आणि १२.३. स्वच्छ: १२.२ आणि ११.८. एका शुक्रवारच्या ट्रॅफिकने याहून जास्त फरक पडतो.

मग दोनदा धुतल्यावर वाढलं ते कसं?

हे कळायला मला वही चाळावी लागली आणि कळल्यावर हसू आलं. आम्ही गाडी वॉशिंगला देतो कधी? लांब जायचं असलं की. दिवाळीत पुण्याला नणंदेकडे जातो, त्याच्या आदल्या दिवशी गाडी धुतली जाते. म्हणजे धुतल्यानंतरची पहिली टाकी ही निम्मीअधिक एक्स्प्रेस-वेवर संपलेली. पाचव्या गिअरमध्ये न थांबता ८० ने जाणारी गाडी सोळा देणारच, तिला शेणाने सारवलं तरी देईल. शिवाय वॉशिंगवाला धुतल्यावर न सांगता चारही चाकांत हवा भरतो. श्रेय गेलं शाम्पूला.

उलट बाजूनेही तेच. गाडी जास्त मळते कोणत्या दिवसांत? रस्ता खणलेला असतो तेव्हा. आणि रस्ता खणलेला असला की गाडी तासन् तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकते. एसी लावून उभी असलेली लहान पेट्रोल गाडी तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पिते. २२ किलोमीटरला १.६ लिटर लागत असतील तर पावणेचौदा पडतात. त्यात अर्धा तास जास्तीचं उभं राहणं आलं, म्हणजे चारशे मिलीलिटर वाढले, की थेट ११. धूळ आणि पडलेलं अ‍ॅव्हरेज ही एकाच खड्ड्याची दोन लेकरं आहेत, एकाने दुसऱ्याला जन्म दिलेला नाही.

तरीसुद्धा माझी अडचण सुटली नव्हती. खड्डे बारा महिने आहेत, मग गाडी नेमकी गणपतीनंतरच का आजारी पडते? इथून पुढे ज्या क्रमाने शोधलं त्याच क्रमाने लिहिते. तुमच्या गाडीला हा क्रम वेगळा लागू पडेल.

आधी मोजमाप

डॅशबोर्डवरचा आकडा सोडून द्या, तो बहुतेक गाड्यांत थोडा खुशामतखोर असतो. टाकी फुल्ल करायची, पहिला ऑटो कट झाला की थांबवायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचं. टाकी रिकामी होत आली की त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर पुन्हा पहिल्या ऑटो कटपर्यंत. "मॅडम, राऊंड फिगर करू का?" याला ठाम नाही म्हणायचं. ऑटो कट अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होतो. दहाच लिटर भरलंत तर तेवढ्यानेच दहा टक्क्यांचा घोळ, तीस लिटर भरलंत तर तीन. म्हणून पाचशे-हजाराचं पेट्रोल टाकणाऱ्याने अ‍ॅव्हरेजवर वाद घालू नये. तीन टाक्यांची सरासरी काढल्याशिवाय मी आता गॅरेजचं नावही काढत नाही.

एक भेद इथेच करून टाका. अ‍ॅव्हरेज पडून पुन्हा वर येतं, की एकदा पडलं ते पडलंच? पडलंच असेल तर पेट्रोलकडे बघा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. १० टक्क्यांवरून २० वर गेलं की हिशेबाने तीन-साडेतीन टक्के ऊर्जा कमी झाली. १४ देणारी गाडी साडेतेरा देणार, आणि धुऊन, पुसून, पूजा करून ती भरपाई होणार नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या घडणीच्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट धरली आहे. माझी गाडी २०१७ ची. म्हणजे हा अर्धा किलोमीटर मी सोडून दिला. पण बाकीचे दीड-दोन किलोमीटर दरवर्षी जायचे आणि परत यायचे.

कॅरियर आणि गोणी

याची मला लाज वाटते, तरी सांगते. गणपतीला चिपळूणजवळ गावी जाताना आम्ही टपावर कॅरियर लावतो. येताना सामान उतरवतो, कॅरियर तसंच राहतं. "दिवाळीत लागेल की परत." आणि दिवाळीनंतर कोणीतरी काढतं. टपावर मोठी चौकोनी पेटी असेल तर शहरातसुद्धा २ ते ८ टक्के आणि हायवेवर ६ ते १७ टक्के अ‍ॅव्हरेज जातं, असं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची माहिती सांगते. आमचं मोकळं कॅरियर म्हणजे पेटी नव्हे, पण हवेत उभे केलेले चार बार तरी आहेतच. अंगावरच्या धुळीची चिंता करत मी दीड महिना डोक्यावर शिडी घेऊन फिरत होते. डिकीत पाहिलं तर गावच्या तांदळाची एक गोण, नारळ आणि समईचं खोकं. सासूबाईंनी तांदूळ संपत आला म्हणून विचारलं तेव्हा गोणीचा शोध लागला.

हवा

दारापाशी, ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर आकडा लिहिलेला असतो. माझ्या गाडीचा ३३. तो गार टायरचा आकडा आहे. ऑफिसातून येताना पंपावर थांबून "तेहेतीस कर" म्हटलं की तो गरम टायरमध्ये ३३ करतो, आणि सकाळी बेसमेंटमध्ये ते २९-३० भरतात. मी दोन वर्षं असंच करत होते. आता तीन-चारशे रुपयांचं डिजिटल गेज घेतलंय, महिन्यातून दोन रविवारी चहाच्या आधी खाली जाते. चारही चाकांत सरासरी एक पॉइंट कमी असेल तर अ‍ॅव्हरेज ०.२ टक्का घटतं. मला सहा कमी सापडले, म्हणजे सव्वा टक्का. फार नाही. टायर कडेने झिजले त्याचा खर्च जास्त.

एअर फिल्टर

बाबांचा आवडता. "फिल्टर झटक, पेट्रोल वाचेल." पद्मिनीच्या काळात हे शंभर टक्के खरं होतं. कार्बोरेटरमध्ये हवा कोंडली की पेट्रोलचं प्रमाण आपोआप वाढायचं आणि धूर काळा यायचा. २००० च्या सुमारास आपल्याकडे इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि गणित बदललं. आता किती हवा आत आली हे सेन्सर मोजतो आणि तेवढंच पेट्रोल सोडलं जातं. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये फिल्टर मुद्दाम कोंदवून चाचणी घेतली, तेव्हा इंजेक्शनच्या गाड्यांच्या इंधन खर्चात म्हणण्यासारखा फरक आला नाही. पिकअप मात्र मेला. घोडबंदरच्या धुळीत फिल्टर लवकर भरतो, तो वेळेवर बदलायचाच, पण इंजिनाच्या जिवासाठी. अ‍ॅव्हरेज त्यात शोधू नका. मी बदलला, वहीत काही फरक नाही. बाबांना ओक रिजची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "असेल बाई. आमची पद्मिनी अमेरिकेत नव्हती."

याच टप्प्यावर मी एका सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवली. इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग, पेट्रोलमध्ये टाकायची एक बाटली, वर पॉलिश. बिल साडेसहा हजारांच्या पुढे. पुढची टाकी: ११.७. चाक कोणी फिरवूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

ब्रेक

आणि चोर चाकातच होता. सापडला तो योगायोगाने. आमच्या बेसमेंटला पाणी जायला नालीच्या दिशेने हलका उतार आहे. हँडब्रेक सोडून न्यूट्रलला टाकलं की गाडी हलकेच घरंगळते, म्हणून तर मी पार्किंगच्या भिंतीला जुना टायर टेकवून ठेवलाय. त्या ऑक्टोबरात एका सकाळी हँडब्रेक सोडला आणि गाडी जागची हलली नाही. आधी वाटलं, गिअर पडलाय. नव्हता. खाली उतरून खांद्याने ढकललं तेव्हा 'टक्' असा आवाज होऊन ती सुटली.

त्या संध्याकाळी घरी येताना शेवटचा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरला आणि उतरल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेला. हात लावायचा नाही, जवळ न्यायचा, चटका बसतो. तीन चाकं कोमट. पुढच्या डाव्या चाकातून तव्यासारखी धग येत होती. बाटलीतलं पाणी बोटांनी डिस्कच्या बाजूला शिंपडलं, चर्र झालं आणि जळक्या लोखंडाचा वास आला.

आमचा नेहमीचा गॅरेजवाला विटाव्याच्या अलीकडे बसतो. त्याने जॅक लावून चाक हाताने फिरवलं. चांगलं चाक एक-दोन वेढे सहज घेतं, हे अर्ध्यातच थांबलं. "ताई, ब्रेक पकडतोय." कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उतरवला. ज्या दोन पिनांवर तो मागेपुढे सरकतो त्यांतल्या एकीचं रबरी बूट फाटलं होतं आणि आत ग्रीसच्या जागी तांबूस चिखल होता, वाळून विटेसारखा झालेला. त्याने पिन पान्याने पिळून काढली, माझ्या हातात दिली. नखाने खरवडलं तर लाल पूड निघाली. "ही आपल्या इथली धूळ नाही," तो म्हणाला. "ही कोकणची." मुंबई-गोवा हायवेवर माणगावच्या पुढे भर पावसात एका खोदलेल्या वळणरस्त्यावरून चाकाच्या निम्म्यापर्यंत चिखलातून गेलो होतो, ते मला आठवलं. तोच चिखल घेऊन मी महिनाभर महापेला जात होते.

कारण कळल्यावर वेळापत्रकही जुळलं. पावसाळ्यात चिखल आत जातो, ओला असतो तोवर पिन कशीबशी सरकते. सप्टेंबर संपता संपता ऊन तापलं की तो वाळतो आणि पिन धरते. ब्रेकवरून पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहतं आणि इंजिन पेट्रोल जाळून ते ओढत राहतं. पुढे दिवाळीच्या आधी दर वर्षी सर्व्हिसिंगला ब्रेक उघडले जायचे, पिना पुसल्या जायच्या, अ‍ॅव्हरेज परत यायचं. आणि त्याच सुमारास गाडीही धुतली जायची. बाबांचा शाम्पू आणखी एकदा यशस्वी.

उपाय साधा होता: पिना साफ, ब्रेकचं खास ग्रीस, दोन नवी बूटं आणि एका बाजूने जास्त झिजलेली पॅडं म्हणून पुढचा पॅडचा जोड नवीन. इथे साधं ग्रीस लावू देऊ नका, ते उष्णतेने वितळतं आणि रबर फुगवतं. तुमची गाडी एका बाजूला ओढत असेल, सिग्नलवरून सुटताना जड वाटत असेल, किंवा एकाच रिमवर काळी पूड जास्त जमत असेल तर एअर फिल्टर, बाटल्या, पॉलिश हे सगळं बाजूला ठेवून आधी चाकं उचलून फिरवून बघा. पावसाळ्यात दोन-तीन दिवस हँडब्रेक ओढून उभी केलेली गाडीही मागून अशीच धरते. मी सपाट जागी आता पहिल्या गिअरमध्ये ठेवते आणि चाकाखाली वीट लावते.

एसीची जाळी

ब्रेक झाल्यावर १३ च्या जवळ आलो. उरलेलं थोडं समोर सापडलं. बंपरच्या जाळीतून मोबाइलचा टॉर्च मारला तर एसीच्या कंडेन्सरच्या (एसीचा गॅस गार करणाऱ्या जाळीच्या) पातळ पात्यांमध्ये चिखल, फुलपाखराचे पंख, सुकलेली पानं आणि वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा. बाहेरून पत्रा रोज पुसला जातो, या जाळीला कोणी हात लावत नाही. कंडेन्सरला गार हवा मिळाली नाही की आतला दाब वाढतो, कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो आणि तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात सिग्नलवर एसी गार करत नाही आणि गाडी पळायला लागली की करतो, ही त्याची खूण. (गॅस कमी असला किंवा पंखा बिघडला तरी तसंच होतं, तेही पाहून घ्या.)

ही जाळी धुवायची ती साध्या पाईपच्या मंद धारेने, जमलं तर इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर जाते. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली तर पाती दुमडतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. मऊ ब्रश घेतलात तर पात्यांच्या दिशेनेच. सोसायटीत पाईपला बंदी, म्हणून मी गॅरेजमध्येच झारीने करून घेतलं. त्याला वाटलं मी झाडांना पाणी घालायला आलेय.

त्यानंतरच्या तीन टाक्या: १३.३, १३.६, १३.४. इथेनॉलचा अर्धा सोडून दिला की हिशेब जुळला.

तेव्हा बाबांचं अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही. घाण होतीच, फक्त ते बॉनेटवर बघत होते. गावाहून आल्यावर आता गाडी वरून नंतर, खालून आधी धुतो. चाकांच्या कमानीत, पुढच्या जाळीत, चिखल ओला असतानाच, आणि ब्रेक उघडायला दिवाळीची वाट बघत नाही. गेल्या वर्षी गणपतीहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी कॅलिपर उतरवून घेतले. ऑक्टोबरात १३.५ होते. वहीत त्या आकड्यापुढे बाबांच्या अक्षरात लिहिलेलं सापडलं: "गाडी धुतली होती."

सध्या मागच्या उजव्या चाकाची हवा आठवड्याला दोनने उतरतेय. पंक्चर दिसत नाही. रविवारी व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावून बघायचंय.